बिनधुराची गाडी

आषाढ सरत आला की आमच्याकडं पाऊस काही दिवस दम धरतो. ढग असतात, पण गळत नाहीत. काळ्या रानातून वाफ वर येते, कपाशी गुडघ्याला लागलेली असते आणि तिची खालची पानं पिवळी पडायला लागतात. कंधार-लोह्याच्या पट्ट्यात ह्या दिवसांना वेगळं नाव नाही. मी मात्र त्यांना युरियाचे दिवस म्हणते.

ह्या दिवसांत माणसं बदलतात. एरवी एकमेकांच्या औताला बैल देणारी माणसं फाट्यावरच्या कृषी केंद्राच्या दारात एकमेकांच्या बरगडीत कोपर घालतात. नंबर लावायला कुणी चप्पल ठेवतं, कुणी वीट, कुणी आधार कार्डाची झेरॉक्स दगडाखाली दाबून जातं. शटर अर्धं वर गेलं की पुढचे वाकून आत घुसतात आणि मागचे त्यांच्या अंगावर पडतात. एकदा त्या शटरखाली एका म्हाताऱ्याची बोटं सापडली. त्यानं ती ओढून काढली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि तसाच रांगेत उभा राहिला. दवाखान्यात गेला असता तर नंबर गेला असता. धोतर लाल होत गेलं आणि रांग पुढं सरकत गेली.

आज सकाळी मालक मोटारसायकलला दोरी बांधून फाट्यावर गेले. मालक म्हणजे माझे यजमान, बालाजी. जाताना म्हणाले, "भाकरी नको बांधू, लवकर येतो." दरवर्षी असंच म्हणतात. मी बांधून दिली. ते गेल्यावर सडकेवरून एक मोठी गाडी गेली, नवी, ताडपत्री ताणून बांधलेली. तिच्या मागं धुराची रेघसुद्धा नव्हती. मी आत आले आणि दाराला कडी लावून घेतली. दिवसाढवळ्या कडी कशाला, हे मला सांगता येणार नाही. हात आपोआप जातो.

मी ट्रकवाल्याची लेक. माझं माहेर औसा. आमचे वडील, दादा, लातूरच्या आडत बाजारातून माल भरून हैदराबाद आणि सोलापूर करायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील काळे होऊन घरी येतात आणि आंघोळ केल्यावर गोरे होतात. दादांचा सदरा धुवायचं काम माझं. तो दगडावर आपटला की काळं पाणी निघायचं, परत भिजवून आपटला की परत काळं. शेवटी पाणी करडं झालं की मी पुरे करायची. पांढरा सदरा त्यांनी कधी घातला नाही, आणि घातला असता तर तो पांढरा राहिला नसता.

त्यांची गाडी चढाला लागली की मागून काळा लोट सुटायचा. तो लोट सडकेवर पसरायचा आणि सायकलवाल्यांची, बैलगाडीवाल्यांची तोंडं त्यात बुडायची. आम्ही पोरं मुद्दाम त्यात पळायचो. बाहेर आलो की एकमेकांच्या नाकपुड्या बघायचो, कुणाच्या जास्त काळ्या. असा खेळ होता आमचा.

दादांचा खोकला पुढं असा झाला की तो आतून काहीतरी फाडत वर यायचा. राखेनं भरलेलं घमेलं त्यांच्या खाटेखाली असायचं. त्या राखेवर लाल ठिपके पडायला लागले तेव्हा आम्ही त्यांना लातूरला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. माझ्या भावानं त्याला विचारलं, "बिडीनं झालं का धुरानं?" डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाला, "दोन्ही आत गेलंय. आता कशाला निवडता?" दादा उन्हाळ्यात गेले. शेवटचे काही दिवस ते श्वास घेत नव्हते, श्वासाशी मारामारी करत होते. दोन्ही हातांनी खाटेची बाजू धरायचे, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या, आणि इतकं करून छातीत जायचं ते चिमूटभर. मी उशाशी बसून बघायची. त्या दिवसांत मला वाऱ्याचा राग यायचा. बाहेर इतका वाहतो आणि ह्या एका माणसाला पुरत नाही.

भाऊ माझा धाकटा. ज्ञानोबा. मला आक्का म्हणतो. दादांच्या मागं त्यानं तीच जुनी गाडी काही वर्षं चालवली आणि मग एक दिवस भंगारात घातली. नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा ती मला दाखवायला आमच्या गावात घेऊन आला. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पण त्याला चाकांचं आणि रंगाचं कौतुक नव्हतं. त्यानं मला हाताला धरून गाडीच्या बाजूला नेलं आणि निळ्या झाकणाची एक टाकी दाखवली.

"आक्का, हे डिझेलचं न्हाई. हिच्यात युरियाचं पाणी घालायचं. इंजनातला धूर तापून सायलेन्सरात आला की हे पाणी त्याच्यावर फवारतं. धुरातलं जहर तिथंच मरतं. काजळी धरायला आत चाळणी हाय ती येगळी. भाईर निघती ती नुसती हवा अन वाफ."

"युरिया म्हंजे आपला पिकाचा?" मी विचारलं.

"नाव तेच. पर ह्यो कारखान्यात चोख करतेत. पिकाचा घातला तर मशीन बसतंय."

"अन पाणी संपलं तर?"

"तर गाडी आडती. कंपनीनं आक्कलच तशी घातलीय. पाणी न्हाई तर ताकद न्हाई. मग बैलगाडीवानी चालती."

त्यानं गाडी चालू केली आणि मला सायलेन्सरजवळ बोलावलं. गरम हवा पायाला लागली. मी वास घेतला. तापलेल्या लोखंडाचा वास होता, दुसरा काही नव्हता. ज्ञानोबा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. "दादा ह्या गाडीवर आसते तर," असं म्हणाला. फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

मालक त्या वेळी ओसरीवर बसलेले होते. टाकीत युरिया घालतात हे त्यांनी ऐकलं होतं. महिनाभरानं कपाशी पिवळी पडायला लागली आणि बाजारात खत मिळेना, तेव्हा त्यांनी ज्ञानोबाला फोन लावला. "तुह्या गाडीतला थोडा युरिया दे की पाठवून. पंपानं फवारून घेतो." ज्ञानोबा हसला. त्याचा स्वभावच तसा, आधी हसतो, मग बोलतो. "दाजी, ते पिकाला न्हाई, सायलेन्सरला हाय." मालकांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "सायलेन्सरला मिळतो, रानाला मिळंना." ते रागावलेले नव्हते. पण जेवताना त्यांनी भाजी परत मागितली नाही, आणि त्यांना भेंडी आवडते.

त्याच दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्यातरी गोदामात शेतकऱ्यांच्या युरियाची पोती फोडून हौदात कालवत होते आणि त्याचं गाड्यांसाठी पाणी करत होते. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नव्हतं. खोटा होता असंही मी म्हणणार नाही. चोर कुठंही असतात. पण तो बघितल्यापासून गावातल्या माणसांना सडकेवरून जाणारी प्रत्येक नवी गाडी आपल्या रानातून पळून चालल्यासारखी दिसायला लागली.

नागपंचमीला आमच्या भागात भाऊ बहिणीला न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. ज्ञानोबानं त्या वर्षी नांदेडच्या मालधक्क्यावरून मिठाची पोती भरली होती, उदगीरला उतरवायची होती. वाटेत मला घ्यायचं, उदगीरला गाडी रिकामी करायची आणि लातूरवरून औशाला पोचायचं, असं ठरलं. मुलगी लातूरला होस्टेलवर असते, तिलाही बरोबर घेणार होतो. मालक पहाटेच फाट्यावर रांगेत गेले होते. मी जाणार हे त्यांना माहीत होतं.

मी पिशवी घेऊन केबिनमध्ये चढले. उंच बसलं की आपलंच गाव परकं दिसतं. गाव सोडलं तेव्हा मला कळलं की गाडी ओढत नाही. ज्ञानोबाच्या समोर एक पिवळा दिवा लागलेला होता.

"कालपासून दिवा लागलाय," तो म्हणाला. "पाण्याची बादली घेतली हाय, वतायला येळ न्हाई मिळाला. मीठ भिजंल म्हणून घाई केली."

फाट्याच्या अलीकडं थोडा चढ आहे. तिथं गाडी माणसाच्या चालीवर आली. समोर सगळी सडक माणसांनी भरली होती. कृषी केंद्राचं शटर नुकतंच खाली पडलं होतं, माल संपला होता. सकाळपासून उन्हात आणि दमटात उभी राहिलेली माणसं घरीही जात नव्हती आणि रांगेतही नव्हती. त्यांच्या हातांना काम उरलं नव्हतं. ज्ञानोबानं हॉर्न दिला नाही, गाडी कडेला घेतली. "तंवर वतून घेतो," म्हणाला आणि बादली घेऊन उतरला.

त्या पांढऱ्या बादलीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत युरिया लिहिलेलं होतं.

ते वाचलं व्यंकटनं. व्यंकट आमच्या बांधाला बांध असलेला. माझ्या मुलीच्या बारशाला त्यानं मांडव घातला होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "हे काय वतायलास?"

"गाडीचं पाणी हाय, मामा."

"युरिया लिवलंय की."

"नाव हाय ते. पिकाचा न्हाई."

"आम्ही पहाटपासून उभे हाव, अन तुही गाडी युरिया पिऊन राहिली?"

आणि ज्ञानोबा हसला. मी आरशात बघत होते. तो चेष्टेनं हसला नव्हता, त्याला काय बोलावं सुचेना म्हणून हसला. व्यंकटनं त्याच्या तोंडावर हात मारला. बादली पडली, पाणी सडकेवर सांडलं, आणि ते बघून माणसांमधून एक आवाज निघाला. ओरडणं नव्हतं ते. घशातून निघालेला, एकत्र, जनावरासारखा.

पुढचं सगळं एकदम झालं, पण आठवताना तुकड्यातुकड्यानं येतं. कुणीतरी म्हणालं, "ताडपत्रीखाली पोती हायती." मग गाडी हलायला लागली. चारी बाजूंनी माणसं लटकली होती. पहिला दगड पुढच्या काचेवर आला, काचेला जाळी पडली, दुसऱ्या दगडानं ती आत आली. माझ्या मांडीवर, केसांत, तोंडात काच. मी सीटखाली बसले. खालून ज्ञानोबाचा आवाज येत होता. "मीठ हाय, मीठ हाय," असं तो म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी मधेच तुटत होता, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी मारत होतं. मग त्यानं चाकं खोलायची टामी ओढून काढली. मी दाराच्या फटीतून बघितलं. त्यानं ती दोन्ही हातांनी फिरवली आणि ती व्यंकटच्या कोपराखाली बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ओली फांदी मोडताना येतो तसा नव्हता. कोरडा होता, खडू मोडावा तसा.

त्यानंतर त्याला कुणी सोडणार नव्हतं. खाली पाडून लाथा घातल्या. माझ्या ओळखीचे पाय होते ते. कुणाच्या चपला कुठल्या, मला सांगता येत होतं. फुटलेल्या दिव्याची काच कुणीतरी उचलली होती, की तो पडताना त्याच्याच तोंडावर आली, ते आजवर ठरलेलं नाही. त्याच्या डाव्या डोळ्यातून रक्त आलं आणि तो हात पसरून जमीन चाचपायला लागला.

वर कुणीतरी दोर कापत होतं. ताडपत्री फाटल्याचा आवाज आला, पोती धडाधड खाली यायला लागली. ती फुटली आणि पांढरं सगळीकडं पसरलं. माणसं त्याच्यावर पडली. टॉवेलात, धोतरात, शर्टाच्या ओच्यात भरत होती. एक माणूस ज्ञानोबाच्या पाठीवर गुडघा देऊन त्याच्या अंगाखालचं ओरबाडत होता. मग कुणीतरी जिभेला लावून बघितलं.

"मीठ हाय," तो माणूस म्हणाला.

क्षणभर सगळे थांबले. मला वाटलं, संपलं. पण माणूस इतका पुढं गेल्यावर मीठ बघून मागं येत नाही. "वरची पोती मिठाची हायती, खाली युरिया आसंल," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं, कारण पटण्याची गरज होती. कुणी डिझेलच्या टाकीचं झाकण फोडलं. वास आला. "पेटवा," असा आवाज आला, परत आला, मग सगळीकडून आला.

तेव्हा गाडीच्या टपावरून, पोत्यांच्या ढिगावरून, एक माणूस ओरडला, "पेटवू नका. आत सुरेखा हाय."

सुरेखा मी. आणि आवाज मालकांचा.

ते वरून मागच्या बाजूनं उतरले, काडी धरलेल्या माणसाचा हात पिरगाळला, त्याला खाली पाडून त्याच्या तोंडावर ठोसे मारत राहिले, तो निपचित पडेपर्यंत. मग त्यांनी दार उघडून मला बाहेर ओढलं. त्यांच्या कमरेला विळा खोचलेला होता. त्यांच्या मनगटापर्यंत मीठ लागलेलं होतं.

पोलिसांची गाडी आल्यावर सडक रिकामी झाली. ज्ञानोबा मिठात पडला होता. चेहऱ्यावरच्या जखमांत मीठ गेलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता थरथरत होता. मी पदरानं मीठ पुसत होते आणि पुसल्यानं ते आणखी आत जात होतं. रात्री पाऊस आला म्हणे. सकाळी गावातली गुरं फाट्यावर जमली होती आणि सडक चाटत होती. हाकलली तरी हलत नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात ज्ञानोबाचा डोळा काढावा लागला. व्हरांड्यात एक हवालदार माझा जबाब घ्यायला आला. वयस्कर होता, दमलेला. कोण कोण होतं, विचारलं. मी ज्यांना बघितलं त्यांची नावं सांगितली. व्यंकटचं सांगितलं, आणि ज्ञानोबानं त्याचा हात मोडला तेही सांगितलं.

"वर चढून दोर कुणी कापले?" त्यानं विचारलं.

सडकेवरून टपावरचा माणूस दिसतो. टपावरून केबिनच्या आतलं दिसत नाही. मी ट्रकवाल्याची लेक आहे, पोत्यांच्या थप्पीवर लहानपणी कितीतरी वेळा बसलेली. तिथून आपल्याला आपल्या बापाचं डोकंसुद्धा दिसत नाही. मालकांनी मला बघितलेलं नव्हतं. त्यांना आधीच माहीत होतं गाडी कुणाची आहे आणि आत कोण बसलंय. माहीत असताना ते वर चढले होते.

नवऱ्याचं नाव मी एरवी घेत नाही. "बालाजी," मी म्हणाले. "माझे मालक."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, इचार करून सांगा."

"केला," मी म्हणाले. "लिहा."

मालक इतरांबरोबर आत गेले. सासूबाईंनी निरोप पाठवला की आता ह्या घरात पाय ठेवू नकोस. पण मला सगळ्यात जास्त बोलला तो ज्ञानोबा. औशाला घरी आल्यावर, अर्ध्या तोंडाला पट्टी, तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दाजींचं नाव कशाला घेतलंस आक्का? मह्या डोळ्याचं मी बघितलं आसतं. तुहं घर कशाला मोडलंस?"

"त्यांनी दोर कापले."

"डोळा तर न्हाई ना काढला त्यांनी."

"न्हाई काढला," मी म्हणाले. "पण ते वर होते, अन तू खाली मीठ हाय मीठ हाय म्हणत होतास. त्यांना ऐकू येत नव्हतं का?"

त्या रात्री तो जेवला नाही.

जामीन झाल्यावर मालक औशाला आले. एसटीनं आले, स्टँडवरून चालत. दारात उभे राहिले. ज्ञानोबानं आतूनच "या दाजी" म्हटलं, पाणी द्यायला सांगितलं आणि स्वतः उठून मागच्या दारानं निघून गेला. मी पाणी दिलं. त्यांनी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"गाडी वळखली न्हवती का?" मी विचारलं.

त्यांनी तांब्या भिंतीकडं सरकवून ठेवला.

"वळखली होती," ते म्हणाले. "नंबर दिसला होता."

"मग?"

"मला वाटलं, आसंल. ज्ञानूच्या गाडीत बी आसंल. सगळेच विकायलेत, त्यानं बी विकला आसंल. समदे तुटून पडले. मी म्हटलं, लुटणारच हायती तर आपल्याला बी दोन पोती येतील. तुला कुणी हात लावणार न्हाई म्हणून चढलो. तुला न्ह्यायला आलेला मुराळी, त्याला बी कुणी कितीसं मारतेत, वाटलं." मग म्हणाले, "कपाशी पार पिवळी झाली होती."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, अजून येतो, भांडी घासताना, कापूस वेचताना, कधीही. पण त्या दिवशी मला फक्त एवढंच कळत होतं की हा माणूस खोटं बोलू शकला असता. टपावरून आतलं दिसत नाही हे मला माहीत आहे, हे त्यांना थोडंच माहीत होतं. कापूस वेचणीला आला तेव्हा मी परत आले. सासूबाई अजून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. मालक घेतात.

मी कधीकधी विचार करत बसते. दादांची गाडी वर्षानुवर्षं त्या फाट्यावरून गेली असेल, तसल्या शेकडो गाड्या गेल्या. काळा लोट सोडत, माणसांच्या भाकरीवर काजळी टाकत. तेव्हा कुणी खडासुद्धा उचलला नाही. ज्यानं फुप्फुसं कुजली तो धूर सगळ्यांना दिसत होता आणि तो सवयीचा होता. फोडली ती बिनधुराची गाडी. तिच्यात काय चाललंय ते दिसत नव्हतं. काय ओततात, कशाला ओततात, हे कुणी येऊन समजावून सांगितलं नव्हतं. बादलीवर जे लिहिलं होतं ते आमच्या भुकेचं नाव होतं, एवढंच आम्हाला वाचता आलं.

ज्ञानोबाला आता जड गाडी चालवता येत नाही. गाडीवर ड्रायव्हर ठेवला आहे, सत्तार म्हणून, चांगला माणूस. सत्तारभाई पहिल्याच खेपेनंतर ज्ञानोबाला म्हणाला, "शेठ, हे बादलीचं झंझट बंद करून टाकू. नांदेड रोडला एक मिस्त्री हाय. लहान डबी बसवतो. मशीनला वाटतंय पाणी चालू हाय, अन ताकद बी कमी होत न्हाई. लई जण करून राहिले." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जीव प्यारा होता. मी तेव्हा औशातच होते. ज्ञानोबानं हातातलं ताट भिरकावलं आणि त्याची गचांडी धरून भिंतीवर दाबलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणून सत्तारचं डोकं जोरात आपटलं. "मह्या बापाचं घमेलं तू उचललंस का?" एवढंच तो परत परत म्हणत होता. मी आणि भावजयीनं सोडवलं. संध्याकाळी ज्ञानोबा स्वतः सत्तारच्या घरी गेला, त्याच्या डोक्याला तेल लावत बसला. डबी बसली नाही. आता ते बादलीवरचा कागद खरवडून टाकतात, बादली गोणपाटात गुंडाळतात आणि सामसूम जागा बघून पाणी ओततात. हवेतलं जहर मारायचं काम चोरासारखं करावं लागतं.

केस कंधारच्या कोर्टात चालली आहे. दोन केसेस आहेत. एकीत ज्ञानोबा फिर्यादी आणि मालक, व्यंकट आणि बाकीचे आरोपी. दुसरीत व्यंकट फिर्यादी आणि ज्ञानोबा आरोपी. तारखेला सगळे येतात. मी आणि मालक गावाहून जातो, ज्ञानोबा औशाहून एसटी बदलत येतो, व्यंकट त्याचा वाकडा हात छातीशी धरून येतो. पुकारा व्हायला वेळ असतो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली मी फडकं सोडते. भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी भेंडी. ज्ञानोबा आणि मालक समोरासमोर बसून खातात. बोलतात ते पावसाचं, कपाशीचं. मालक त्याला डाव्या बाजूनं काही देत नाहीत, उजवीकडून देतात, म्हणजे त्याला दिसतं. कुणी त्यांना हे शिकवलेलं नाही. व्यंकट लांब बसतो. मी त्याला एकदा भाकरी नेऊन दिली. त्यानं घेतली आणि तोंड फिरवून खाल्ली.

मागच्या तारखेला माझी साक्ष होती. आरोपीच्या वकिलानं मला उभं करून बरंच विचारलं. फाट्यावर किती गर्दी होती, उजेड किती होता, काच फुटली तेव्हा डोळे मिटले होते की नाही. मी जे होतं ते सांगत गेले. मालक आरोपींच्या ओळीत उभे होते, सकाळी मीच इस्त्री केलेल्या सदऱ्यात. शेवटी वकील आवाज चढवून म्हणाला, "बाई, तुम्ही ह्यांच्याच घरी राहता, ह्यांच्याच ताटात जेवता. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणी पढवलं? भावानं?"

मी ज्ञानोबाकडं बघितलं. तो खाली बघत होता. मालकांकडं बघितलं. ते सरळ माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "मी आत बसले होते."